चिलटं

"हात खाली घे, ताई," चष्मेवाला दातओठ खात पुटपुटला. तोवर सुतारपक्षी उडालाही होता. कॅमेऱ्यात राहिली नुसती रिकामी ढोली.

सकाळपासूनची ही चौथी वेळ. दहा पावलांवरच्या बाकावर बसून त्याची थोरली बहीण पुन्हा तोंडासमोर हात हलवत होती.

"चिलटं आहेत रे. नुसती नाचतायत डोळ्यांपुढे."

"मला बरं एकही दिसत नाही."

"तुला कशी दिसणार? तू त्या नळकांड्यात डोळा घालून बसलायस."

वृक्षोद्यानाचं फाटक उघडल्या उघडल्या तो आत शिरला होता. हौशी छायाचित्रकारांच्या प्रदर्शनाला फोटो द्यायची आज संध्याकाळपर्यंतची मुदत. तीन वर्षं त्याचे फोटो साभार परत आले होते. गेल्या वर्षी तर सोबत चिठ्ठी होती, 'चित्र स्वच्छ, पण निर्जीव.' आपल्या चष्म्यांच्या दुकानात गिऱ्हाइकांची हजार बोलणी त्याने गिळली होती, पण हा 'निर्जीव' काही घशाखाली उतरेना. आठ रविवार भटकून त्याने ही ढोली शोधली होती. चोचीत अळी धरलेली आई आणि आ वासलेली पिल्लं, एवढं एकदा टिपलं की बघू, परीक्षक काय म्हणतात ते.

आणि नेमकी आज ताई सोबत. गुरुवारी राहायला आली होती. "मीही येते, गप्प बसून राहीन," म्हणाली. गप्प! चौतीस वर्षं शाळेत पोरांना गप्प बसवण्यात गेली, स्वतःला ते कधी जमलं नव्हतं.

"चष्मा पूस एकदा," तो म्हणाला.

"चारदा पुसला. तू दिलेली काचच मेली डागाळ आहे."

हे मात्र त्याला झोंबलं. ती काच त्याने स्वतः बसवली होती. पण पक्षी परतला होता, तेव्हा त्याने डोळा पुन्हा कॅमेऱ्याला लावला. चोचीत काहीतरी वळवळत होतं. ढोलीतून किलबिल सुरू झाली. त्याने श्वास रोखला, बोट बटणावर ठेवलं.

"आणि तो फ्लॅश बंद कर बाबा," ताई खणखणीत आवाजात म्हणाली. "केव्हाचा चमकतोय."

पक्षी गेला. सगळं मुसळ केरात.

"फ्लॅश घरी कपाटात आहे, ताई." त्याचा आवाज चढला. "आणलेलाच नाही. पक्ष्यांच्या डोळ्यांवर कोणी फ्लॅश मारतं का? आठ रविवार घातले मी यात. घरी बस म्हटलं, तर ऐकशील तर शपथ. ना फ्लॅश आहे, ना चिलटं आहेत. थांब, दाखवतोच तुला."

रागारागाने त्याने कॅमेरा स्टँडसकट तिच्याकडे वळवला आणि बटण दाबलं. मग पडद्यावर तिचा चेहरा मोठा करत नेला. कानामागचे पांढरे केस एकेक मोजता येत होते. चष्म्याच्या काचा लखलखीत, डाग औषधाला नव्हता. चिलट तर एकही नाही. हात तेवढा वर उचललेला, आणि डोळे कशाच्या तरी मागे वळलेले.

फोटो तिच्या नाकासमोर धरायला म्हणून तो तावातावाने निघाला. अर्ध्या वाटेवर तो थबकला आणि फोटोतले तिचे वळलेले डोळे पुन्हा पाहू लागला.

"कुठे चमकतं?" त्याने विचारलं. दुकानात गिऱ्हाइकाला विचारतो, त्या आवाजात.

"डावीकडे. कोपऱ्यात."

"कधीपासून?"

"शुक्रवारपासून. दुकानात आले होते ना मी? काच डागाळ आहे म्हणून?"

आली होती. दुकानात गर्दी होती. परक्या माणसाला तो खुर्चीत बसवून दहा प्रश्न विचारतो. ताईच्या हातून मान वर न करता चष्मा घेतला होता, फडक्याने पुसून परत दिला होता, आणि वर म्हणाला होता, "तुझं आपलं काहीतरीच."

त्याने तिचा चष्मा न काढता उजव्या डोळ्यावर तळहात धरला.

"त्या झाडावरची पाटी वाच."

"काय पोरखेळ लावलायस?"

"वाच ना."

लहानपणी ती त्याचं बोट धरून रस्त्यातल्या पाट्या वाचायला लावायची. चुकला की पाऊल पुढे टाकू देत नसे. आता तिने झाडाचं नाव वाचलं. त्याखालचं कुळ वाचलं. आणि थांबली.

"पुढे?"

"पुढे काही नाही. खालून काळं फासलंय कोणीतरी."

तिसरी ओळ त्याला स्वच्छ दिसत होती. वय अंदाजे एकशे वीस वर्षे.

त्याने खिशातून फोन काढला. ज्यांच्या चिठ्ठ्यांवरून तो चष्मे बनवायचा, त्या डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंना लावला.

"रविवार आहे, ठाऊक आहे मला," तो म्हणाला. "डाव्या डोळ्याचा पडदा सुटलाय बहुतेक. हो, आत्ताच आणतो. नाही, गिऱ्हाईक नाही. माझी बहीण आहे."

"कसला पडदा?" ताईने विचारलं. तो स्टँडकडे वळला तशी ती उखडली. "आणि आवरतोस काय? एवढ्यासाठी मला पहाटे उठवलंस होय रे?"

तो स्टँडचे पाय मिटत होता. कॅमेरा बॅगेत गेला. तेवढ्यात ढोलीत एकच कालवा झाला. पक्षी येऊन बसला होता, भर उन्हात, अळी चोचीत धरून. तीन पिल्लांनी चोची बाहेर काढल्या होत्या.

"आला, आला बघ," ताई कुजबुजली. चिलटं हाकणारे दोन्ही हात तिने मांड्यांखाली दाबून धरले. "काढ ना रे. बघ, आता मी मुळीच हलत नाही."

त्याने बॅगेची चेन ओढून बंद केली. वाकून तिचा एक हात सोडवला आणि आपल्या हातात घेतला.

"चल," तो म्हणाला. "हळू ऊठ."