दानात गेलेली खुर्ची

मित्रांनो, मी घडीची एक जुनी खुर्ची आहे. मला पाठ नाही आणि हातही नाहीत. चार पाय आणि वर कापडाची पट्टी, एवढीच मी. घडी केली की काखेत मावते. माझे लाकूड चौलच्या एका वाडीत पडलेल्या फणसाचे आहे आणि कापड थळच्या एका होडीच्या जुन्या शिडाचे. त्या कापडाला अजूनही पावसाळ्यात माशांचा थोडा वास येतो.

ज्या वाडीत तो फणस पडला, ती दादांची. दादा शाळेत शिक्षक होते. चौलमध्ये लहानथोर सगळे त्यांना दादाच म्हणतात. त्यांच्या पत्नी अंबिकाबाई. दादा निवृत्त झाले तेव्हा दोघांनी ठरवले, की आता आपला किनारा नीट बघायचा. जन्म इथे गेला, पण पाहुणे आले की त्यांना घाईघाईने किल्ला दाखवून आणायचा, एवढेच झाले होते. त्याच सुमारास अंबिकाबाईंना चालताना दम लागू लागला. थोडे चालले की बसावे लागे. पडक्या कोटात बसायला दगड पुष्कळ असतात, पण खाली दगडावर बसले की त्यांना उठता येत नसे. म्हणून दादांनी सुताराकडून मला करून घेतले.

आम्ही एसटीने जायचो आणि उतरून चालायचो. रेवदंड्याचा कोट आम्ही एका दिवसात कधीच पाहिला नाही. एका खेपेला दरवाजा, दुसऱ्या खेपेला नुसता एक बुरूज. कोटाच्या आत वस्ती आहे, वाड्या आहेत. तिथल्या आवडाबाई आम्हाला बघून हसायच्या.

"अवो, कालच बगितलात ना हा दरवाजा? आज काय नवीन लागलाय त्याला?"

"काल ऊन डोळ्यांवर होतं," अंबिकाबाई म्हणायच्या.

"मग बसा. च्या ठेवते."

गाडीतून आलेले लोक अर्ध्या तासात सगळा किल्ला बघून परत निघत. जाताना त्यांतले कुणी थांबून माझे कौतुक करी. "आजी, ही खुर्ची कुठे मिळाली?" एका मुलीने विचारले, तेव्हा अंबिकाबाई म्हणाल्या, "झाडावरून पडली." ती मुलगी वर बघू लागली. दादांना हसू आवरेना.

अंबिकाबाई माझ्यावर बसत आणि दादा शेजारी उभे राहत. अशी आमची बरीच वर्षे गेली. चौलची देवळे, कोर्लईचा गड, सगळे आम्ही थोडे थोडे पाहिले.

गेल्या मार्गशीर्षात अंबिकाबाई वारल्या.

आमच्याकडे वारलेल्या माणसाच्या नावाने छत्री, चपला, अंथरूण असे दान देतात. पुढच्या वाटेवर त्या वस्तू त्याच्या उपयोगी पडतात, असे मानतात. तेराव्याला त्यांची मुलगी निवेदिता हिने सगळे काढून ठेवले आणि त्यात मलाही ठेवले. दादा आत भिंतीकडे तोंड करून बसले होते. भटजींनी मला घरी नेले.

संध्याकाळी दादांनी दारामागे हात घातला असेल. मी तिथेच टांगलेली असायची. नंतर निवेदिताने भटजींच्या घरी येऊन सांगितले, तेव्हा मला कळले.

"बाबांनी विचारलं, खुर्ची कुठाय? मी म्हटलं, दिली. आईला चालवत नव्हतं ना. एवढ्या लांबच्या वाटेला काहीतरी नको का बसायला? ते म्हणाले, बरं केलंस. पण तेव्हापासून वाडीच्या फाटकाबाहेर गेलेले नाहीत. जेवतातही कसेबसे. मला परवा पुण्याला जायचंय, भटजी. त्यांना इथे कसं सोडू?"

मी पडवीत होते आणि माझ्यावर नारळ रचलेले होते. दुसऱ्या दिवशी भटजींनी दादांना निरोप पाठवला, की येऊन जा. दादा आले. माझ्याकडे बघत उभे राहिले.

"घेऊन जा, दादा," भटजी म्हणाले. "नारळ ठेवायला मला दुसरं काहीतरी मिळेल."

"नको. तिच्या नावानं दिलीय. तिच्याखालची ओढून आणू का मी?"

भटजींनी माझ्यावरचे नारळ उतरवले. मग म्हणाले, "दान माझ्या हातात दिलंत, तर माझं ऐका. दिवसा तुम्ही न्या. दिवे लागायच्या आत इथे आणून ठेवा. रात्री ती वहिनींची."

"असं चालतं?"

"पोथीत आहे का, ते विचारू नका. मी सांगतोय."

त्या दिवशी दादा मला घेऊन रामेश्वराच्या देवळापुढच्या पुष्करणीपर्यंत गेले. त्यांनी मला उघडले आणि सवयीने शेजारी उभे राहिले. मी रिकामीच होते. मग ते माझ्यावर बसले. त्यांचा भार जास्त आहे, माझे कापड करकरले. ते रडले. मी पाय घट्ट रोवून उभी राहिले. मला तेवढेच येते.

निवेदिता पुण्याला गेली. दादा रोज सकाळी मला न्यायला येऊ लागले. संध्याकाळी परतायला उशीर झाला की भटजी दारातूनच म्हणत, "वहिनी तिष्ठत बसल्या होत्या हो!" दादा चपला काढता काढता म्हणत, "ती मला चांगली ओळखते."

काल दादा म्हणाले, "भटजी, खुर्ची दोन दिवस हवी होती. आगरदांड्याहून बोटीनं पलीकडे दिघीला जाईन म्हणतो. आमचं तेवढं राहिलंय."

"आणि रात्री? वहिनींचं काय?"

"तिलाच घेऊन चाललोय."

भटजींनी मला आपल्या उपरण्याने पुसले आणि दादांच्या हातात दिले.

मित्रांनो, तुमच्याही घरात कुणीतरी हळू चालत असेल. पुढे जाऊन त्यांना हाका मारू नका, त्यांच्याबरोबर चाला. त्यांची बसायची वस्तू नीट ठेवा. माझा एक पाय आता हलतो, दादांनी त्याला सुतळी बांधली आहे. बोटीवर चढताना कुणी आजोबा अशी खुर्ची घेऊन दिसले, तर त्यांना ढकलू नका. आम्हाला थोडा वेळ लागतो.