सीटवरचं प्लॅस्टिक

पेट्रिशियाच्या पप्पांची गाडी कुवेतहून बोटीनं आली, तेव्हा मरोळच्या गावठाणात कुणाला जेवण गोड लागेना. अख्ख्या आळीत एक स्कूटर आणि पाच सायकली, आणि आता मरून रंगाची जपानी गाडी! फक्त गोदीतून सुटायची बाकी होती.

तिथंच घोडं अडलं.

गोदीत कस्टमच्या साहेबांनी दार उघडून आत वाकून पाहिलं नि पप्पांना विचारलं, "मिस्टर ह्युबर्ट, ही गाडी तुम्ही दोन वर्षं वापरलीत?"

"हो साहेब."

"मग सीटवर कंपनीचं प्लॅस्टिक अजून कसं? मीटर तर तीन हजारही नाही. परत येणाऱ्या माणसाला स्वतःची, वापरलेली गाडी आणता येते. दुसऱ्या कुणासाठी कोरी नाही."

"फक्त चर्चला, मिस्साला न्यायचो साहेब. दर शुक्रवारी."

"मिस्सा? शुक्रवारी?"

"तिकडं सुट्टीच शुक्रवारी असते ना!" पप्पांबरोबर आलेली पेट्रिशिया मध्येच बोलली. दहावीत गेल्यापासून तिला कुणाची भीती म्हणून उरली नव्हती.

"गप रव गो चेडवा," गाडी सोडवायला नेमलेले धोंडूमामा कुजबुजले. मग पप्पांकडे वळले, "ता प्लॅस्टिक काढूक काय झालेला तुका? लागली ना वाट!"

पप्पांचा चेहरा उतरला. सहा वर्षं परमुलखात एकट्यानं काढली, आणि परतताना सोबत आणलं ते एवढंच. "हिची मम्मी म्हणाली होती," ते पुटपुटले. "गाडी गावात येईपर्यंत नवी राहू दे."

मम्मी म्हणाली होती, खरं. पण लिहिलं कुणी होतं? पेट्रिशियानं! ते दिवसच पत्रांचे होते. मम्मी बोंबील साफ करता करता सांगायची आणि पेट्रिशिया जमिनीवर पालथी पडून निळ्या एअर लेटरवर उतरवून घ्यायची. तळाची दोन बोटं जागा मात्र तिची स्वतःची.

"पप्पा, माझी पत्रं कुठायत?"

पप्पांनी डॅशबोर्डचा कप्पा उघडला. आत रबर लावलेली जाडजूड गड्डी. एकूण एक पत्र! तिनं भराभर चाळून एक उपसलं. अंधेरीचा शिक्का, ऑगस्ट चौऱ्याऐंशी. म्हणजे दोन वर्षांपूर्वीचं.

"वाच," साहेब म्हणाले.

"'गाडीचा फोटो पोचला. मरून रंग झकास आहे. मम्मी सांगते, सीटचं प्लॅस्टिक अजिबात काढू नका. गाडी इथं आली की फादर पाणी शिंपडतील, मगच काढायचं.'" ती थांबली.

"पुढं?"

"पुढं काही नाही."

"ओळी दिसतायत मला."

पेट्रिशियाचे कान तापले. तिनं पप्पांच्या उतरलेल्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि एका दमात वाचून टाकलं, "'पप्पा, मी गणितात नापास झाले. प्रगतिपुस्तकावर मम्मीची सही मीच केली. तिला सांगू नका. तुम्ही इथं असता तर मला भागाकार आला असता.'"

धोंडूमामा छताकडे बघू लागले. साहेबांनी पत्र घेतलं, दोन्हीकडचे शिक्के चष्म्याजवळ धरून पाहिले, गाडीच्या कागदांवरची तारीख ताडली.

"खोट्या सह्या करणाऱ्या मुलीवर विश्वास ठेवला नसता," ते म्हणाले. "पण शिक्का पोस्टाचा आहे." आणि त्यांनी सही केली.

गाडी घरी निघाली. कुवेतची म्हणून स्टिअरिंग डाव्या बाजूला, पप्पा तिथं. त्यामुळं पेट्रिशिया बसली उजवीकडे, जिथं मुंबईत ड्रायव्हर बसतो तिथं. खाली प्लॅस्टिक करकर वाजत होतं.

"पप्पा, या सीटवर कोण बसायचं हो?"

"कुणी नाही. मिस्साहून येताना गाडी बाजूला लावायचो नि तिथं तुझी पत्रं पसरून वाचायचो. ते नापासवालं तर पाठ आहे."

तिनं सीटवरून एकदा हात फिरवला.

"मम्मीला सांगणार?"

"भागाकार येतो का आता?"

"येतो!"

"मग नाही सांगत."

अंधेरीच्या नाक्यावर एका रिक्षावाल्यानं बाजूला पाहिलं. ड्रायव्हरच्या जागी दोन वेण्यांची मुलगी, समोर स्टिअरिंगच नाही, आणि गाडी चाललेली! त्यानं डोळे चोळले. पेट्रिशियानं दोन्ही हात वर केले नि त्याला टाटा केला.