आठ दारांचा डबा

चिमट्यात धरलेली दाराची मूठ तिळाएवढी होती आणि हात थरथरत होता. म्हाताऱ्या फिटरने कोपर टेबलावर रोवलं, श्वास रोखला आणि तापलेल्या सोल्डरिंग आयर्नचं टोक दाराला टेकवलं. डाख वितळला, पसरला, थिजला. मूठ वाकडीच बसली.

किटमधून जोडायचा हा आगगाडीचा पितळी डबा जेमतेम वीतभर होता. जुन्या धर्तीचा: आठ कप्पे, प्रत्येकाला स्वतंत्र दार, दाराला मूठ. असले खरे डबे त्याने रेल्वेच्या कारखान्यात चौतीस वर्षं दुरुस्त केले होते. हातांनी दगा दिल्यापासून एकच हट्ट उरला होता. हा डबा पुरा करायचा, आणि तोही एकट्याने.

"मी धरू का जरा?" बायकोने शिवणावरून मान वर केली.

"तू तुझं बघ."

बाकीच्या सात मुठी त्याने आधीच बसवल्या होत्या. त्याने भिंग लावून त्या पाहिल्या आणि तो थबकला. सातही एका ओळीत, सरळ. डाख टाचणीच्या टोकाएवढा. असा डाख आता आपल्या हातून पडत नाही, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? त्याची नजर बायकोच्या अंगठ्यावर गेली. तिथे चिंधी बांधलेली होती.

"हे काय?"

"कुकरची वाफ लागली."

"दुपारी? मी झोपल्यावर?"

ती सुईत दोरा ओवत राहिली. "अहो, दोन पडल्या होत्या. मग म्हटलं, बाकीच्याही करून टाकू."

त्याला राग आला. त्याहून जास्त लाज वाटली. त्याने आयर्न पुन्हा उचललं. शेजारच्या मुठीवर ओला कापूस ठेवायचा, नाहीतर तीही सुटते. एकेक मूठ तापवून काढली, स्वतः बसवली. पडली की शोधली, पुन्हा बसवली. बोट भाजलं तरी थांबला नाही. उन्हं कलली तेव्हा कुठे त्याने पाठ टेकली.

बायकोने भिंग घेतलं.

"तुम्ही मोडाल पण वाकणार नाही. मुठी बिचाऱ्या वाकल्या."

"माझ्या आहेत."

"मग ही एक सरळ कशी राहिली?"

त्याने आयर्नचं बटण बंद केलं.

"तो लेडीज कप्पा आहे. त्यात मला चढता येत नाही."