दोनदा धुतलेला खल

मित्रांनो, आमच्या औषधांच्या दुकानात तुम्ही आला असतात, तरी काउंटरच्या टोकाला ठेवलेल्या माझ्याकडे तुमचे लक्ष गेले नसते. निदान परवापरवापर्यंत तरी नाही. माझ्यात पेने असायची आणि त्यांतले एखादेच चालायचे. रबरबँडांचा गुंता असायचा, कुणाच्या तरी शर्टाचे बटण असायचे. लोक मला 'पेनांचं भांडं' म्हणत आणि मी ऐकून घेई. पण मी भांडे नाही. मी एक जुना खल आहे. औषधे कुटण्यासाठी आणि घोटण्यासाठी मला घडवले आहे.

माझा जन्म चिनी मातीच्या कारखान्यात झाला. साच्यातून निघालो तेव्हा मी इतका मऊ होतो, की कुणी अंगठा दाबला असता तर त्याचा ठसा जन्मभर माझ्या अंगावर राहिला असता. मग भट्टीत गेलो आणि दगडासारखा होऊन बाहेर आलो. बाहेरून मला काचेसारखी चकाकी दिली, पण आतून मुद्दाम खरबरीत ठेवले. गुळगुळीत खलात औषध नुसते घसरत राहते, बारीक होत नाही. कारखान्यातली तपासनीस बाई प्रत्येक खलाला टिचकी मारून कान लावायची. टण् असा स्वच्छ आवाज आला तर खल धड. बद्द आवाज आला तर कुठेतरी डोळ्यांना न दिसणारी चीर आहे. माझा आवाज ऐकून तिने मान डोलावली. माझ्या बत्त्यालाही माझ्याबरोबरच पसंती मिळाली.

या दुकानात मला मोठ्या मालकांनी आणले. तेव्हा बरीचशी औषधे दुकानातच तयार होत. मालक वजन करून पूड माझ्यात घालत आणि बत्ता गोल गोल फिरवत. त्यांची घाई कधी कुणी पाहिली नाही. गिऱ्हाईक खोकत उभे असले तरी त्यांची एक सवय चुकत नसे. काम सुरू करण्याआधी ते मला धुऊन पुसत आणि काम संपल्यावर पुन्हा धुऊन पुसत. त्यांची मुलगी शाळेतून आली की काउंटरमागच्या स्टुलावर बसून गृहपाठ करी. हे दोनदा धुणे पाहून तिने एकदा विचारले, की काल संध्याकाळी धुतलेला खल आज परत कशाला धुवायचा?

“आधी धुतो ते औषधासाठी,” मालक म्हणाले. “नंतर धुतो ते पुढच्या माणसासाठी. त्या बिचाऱ्याला ठाऊकही नसतं, त्याच्या आधी यात काय होतं ते.”

मुलीने मान हलवली आणि पुन्हा वहीत डोके घातले. मला वाटले, हिला काही पटलेले नाही.

पुढे तयार गोळ्या आल्या. चकचकीत पाकिटांतून, मोजून मापून. मोठे मालक थकले, मग गेले. मुलगी औषधशास्त्र शिकून दुकानात बसू लागली. सगळे तिला ताई म्हणतात, म्हणून मीही ताईच म्हणतो. तिने मला टाकून दिले नाही, पण मला कामही नव्हते. कुणीतरी माझ्यात एक पेन ठेवले आणि मग पेनांना वाट सापडली. बत्ता गेला काउंटरच्या दुसऱ्या टोकाला, पंख्याच्या वाऱ्याने कागद उडू नयेत म्हणून. एकाच घरात राहून चुली वेगळ्या व्हाव्यात, तसे आमचे झाले.

तरी ताईबद्दल मी तक्रार करणार नाही. औषधाच्या खोक्यातला घडीचा कागद बाकीचे लोक उघडून फेकून देतात. ताई तो शेवटच्या ओळीपर्यंत वाचते. 'घ्या, काही होत नाही' हे वाक्य मी तिच्या तोंडून ऐकलेले नाही. आणि तिचा एक नियम आहे. प्रवासासाठी कुणी नवीन औषध न्यायला आले, की ती ते आधी घरी, सुटीच्या दिवशी घेऊन पाहायला लावते. गाडी, बोट, विमान, काहीही असो. “जहाजावर प्रयोग करू नका,” ती म्हणते. “तिथून उतरून घरी येता येत नाही.”

या नियमामुळेच पुढची गोष्ट जमिनीवर घडली.

एके दिवशी दुकानात भूगोलाच्या बाई आल्या. शाळेतून निवृत्त झाल्या तरी सगळे त्यांना याच नावाने ओळखतात. ताई त्यांची विद्यार्थिनी. बाई फळ्यावर समुद्रकिनारा काढायच्या तेव्हा नकाशाकडे बघायच्याही नाहीत, असे ताई अजून कौतुकाने सांगते. पण या बाईंना वळणांची बस लागायची. तरुणपणी त्या शाळेची सहल घेऊन होडीने एका बेटावर गेल्या होत्या. सारा वेळ त्या होडीच्या तळाशी डोके धरून पडून होत्या आणि मुलेच आळीपाळीने त्यांना पाणी देत होती. त्यानंतर बाईंनी समुद्र फळ्यावरच ठेवला.

आता त्यांच्या मुलीने आईवडिलांना क्रूझची तिकिटे दिली होती. बाईंना जहाजावरच्या मेजवानीचे अप्रूप नव्हते. त्यांना एकच गोष्ट पाहायची होती. लांबून येणाऱ्या जहाजाचा आधी वरचा भाग दिसतो आणि मग खालचा, हा पृथ्वी गोल असल्याचा पुरावा त्या वर्षानुवर्षे वर्गात सांगत आल्या होत्या. स्वतः मात्र त्यांनी तो कधी पाहिला नव्हता.

“सगळी नोकरी ऐकीव माहितीवर केली मी,” त्या म्हणाल्या. “एकदा तरी खरं आहे का ते बघू दे.”

बरोबर त्यांचे यजमान होते. त्यांचे घड्याळदुरुस्तीचे दुकान समोरच्या फुटपाथवर आहे, म्हणून त्यांना सगळे घड्याळकाका म्हणतात. ताईने त्यांनाही विचारले, तुम्हाला बोट लागते का?

“छे. माझं पोट लंबकासारखं आहे. कितीही हललं तरी ठिकाणावर येतं.”

“लंबक बंद पडल्यावर ठिकाणावर येतो,” बाई म्हणाल्या.

डॉक्टरांनी बाईंना कानामागे चिकटवायची छोटी गोल पट्टी लिहून दिली होती. तिच्यातले औषध कातडीतून हळूहळू अंगात जाते आणि मळमळ थांबवते. ताईने बाईंना काचबिंदू नाही ना, लघवीला त्रास नाही ना, दुसऱ्या कोणत्या गोळ्या चालू आहेत, हे सगळे विचारले. तोंडाला कोरड पडेल, थोडी झोप येईल, असे सांगितले. पट्टी लावून झाली की हात साबणाने धुवा, डोळ्यांना लावू नका, हेही दोनदा सांगितले. बाई अगदी पहिल्या बाकावरच्या मुलीसारख्या ऐकत होत्या. काका तेवढ्यात दारापाशी जाऊन आमच्या भिंतीवरचे घड्याळ मागे का पडते ते निरखत होते.

ठरल्याप्रमाणे बाईंनी सुटीच्या दिवशी पट्टी लावली आणि डोंगरातल्या वळणांच्या बसने पार वरपर्यंत जाऊन आल्या. संध्याकाळी त्या आमच्या दुकानावरूनच गेल्या. दारातूनच त्यांनी उलटीसाठी नेलेली, घडी न मोडलेली कागदी पिशवी उंच धरून दाखवली. “कोरडी!” एवढेच म्हणाल्या आणि यजमानांना सांगायला रस्ता ओलांडून गेल्या. त्यांच्या चालण्यात वयाचे काही दिसत नव्हते.

थोड्याच वेळात त्या परत आल्या, काकांचा हात धरून. काकांनी उजव्या डोळ्यावर रुमाल धरला होता. दुपारपासून त्या डोळ्याला उजेड टोचत होता. समोरच्या घड्याळाची दातेरी चाके धुक्यात बुडाल्यासारखी दिसत होती. केसासारखी बारीक कमान तर दिसतच नव्हती. मित्रांनो, घड्याळवाल्याचा डोळा म्हणजे त्याचे सगळे दुकान. नेहमी कोट्या करणाऱ्या काकांना त्या दिवशी एकही कोटी सुचली नाही.

बोलत होत्या त्या बाई. त्यांनी मनाशी ठरवूनच टाकले होते. हा झटका असेल, मेंदूचे काही असेल. तिकिटे परत करायची. “माझ्या हौसेपायी यांच्याकडे बघायला मला वेळ नव्हता,” त्या म्हणाल्या. “मी तिकडे डोंगरावर वळणं मोजत बसले होते.”

ताईने काकांना स्टुलावर बसवले. हसून दाखवा, दोन्ही हात वर करा, तुमचा पत्ता सांगा, असे एकेक करवून घेतले. सगळे ठीक होते. मग तिने छोटी विजेरी घेतली. डाव्या डोळ्यावर उजेड पडताच बाहुली चटकन आकसली. उजवीकडची बाहुली मोठी होती आणि उजेडातही मोठीच राहिली.

“काका, आज कोणतं औषध घेतलंत?”

“एकही नाही. औषध हिनं घेतलंय.”

डोळ्यांच्या डॉक्टरांना चिठ्ठी लिहायला ताईने पेनासाठी माझ्यात हात घातला. घाईत पेन हाताला लागले नाही. तिची बोटे माझ्या आतल्या खरबरीत अंगावर घासली आणि तिथेच थांबली. तिने माझ्याकडे पाहिले. किती वर्षांनी पाहिले असेल! नुसते डोळे वळणे वेगळे आणि पाहणे वेगळे. मला ती स्टुलावरची मुलगी दिसली.

“बाई,” ती हळूच म्हणाली, “पट्टी कुणी चिकटवली?”

“यांनीच. मला माझ्या कानामागचं कसं दिसणार?”

“आणि नंतर हात कुणी धुतले?”

“मी. तू बजावून सांगितलं होतंस ना.”

मग काकांनी रुमाल खाली घेतला. “मी आधी धुतले होते,” ते म्हणाले. “चांगले घासून. स्वच्छ वस्तूला हात लावल्यावर परत कशाला धुवायचे?”

पट्टी लावून काका तसेच दुकानात गेले होते. घड्याळवाले डोळ्याच्या खोबणीत एक छोटे भिंग बसवून काम करतात. ते भिंग काका सकाळभर त्याच बोटांनी काढत होते आणि बसवत होते, उजव्या डोळ्यात. बाईंच्या पट्टीवरचे औषध काकांच्या बोटांवर आले आणि बोटांवरून डोळ्यात गेले. बाहुली मोठी करणे हा त्या औषधाचा गुणच आहे.

ताईने हे सगळे नीट समजावले, पण ही तिची अटकळ आहे, निदान डॉक्टर करतील, असे सांगून दोघांना लगेच डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवले. जाताना ती बाईंना म्हणाली, “चूक तुमची नाही. मी तुम्हाला सांगितलं. सांगायला हवं होतं काकांना.”

डॉक्टरांनी तपासले आणि तेच सांगितले. काही दिवस थांबा, बाहुली आपोआप जागेवर येईल. तेवढे दिवस काका काळा चष्मा लावून बंद घड्याळांमध्ये बसून होते. शेजारपाजारचे लोक त्यांना 'सिनेमातले साहेब' म्हणू लागले. मग एका सकाळी ते आमच्या दुकानात आले, चष्मा काढला आणि म्हणाले, “मार विजेरी.” दोन्ही बाहुल्या बरोबरीने आकसल्या. मागे उभ्या असलेल्या बाईंनी श्वास सोडला, तो मला काउंटरवर ऐकू आला.

तरीही बाई जायला तयार नव्हत्या. त्या पट्टीचे नाव नको, असे त्यांचे म्हणणे होते. ताई त्यांना म्हणाली, “बाई, औषधानं काम चोख केलं. वळणांवर तुम्हाला सांभाळलं. फक्त ते एकाऐवजी दोघांना लागलं.”

“पट्टी मीच लावणार,” काका म्हणाले. “आधी धुणार, नंतर धुणार, आणि वर हिला हात दाखवणार.” मग ते काउंटरवर जरा वाकले आणि आवाज खाली आणून म्हणाले, की लंबकाचाही फारसा भरवसा नाही. त्यांना काहीतरी हवे होते. डोळ्यांच्या वाटेला न जाणारे आणि झोप न आणणारे.

ताईने त्यांना विचारले, रक्त पातळ करायची गोळी घेता का? नाही म्हणाले. त्या गोळीबरोबर सुंठ जपून द्यावी लागते. तेव्हा तिने मला उचलले आणि पेने, रबरबँड, बटण, सगळे काउंटरवर ओतले. मला तिने टिचकी मारली. टण्! मग कागदांवरचा बत्ता आणला. तिने आम्हा दोघांना धुतले, पुसले, आणि माझ्यात सुंठेचे तुकडे घातले. बत्त्याचा पहिला घाव बसला तेव्हा वासाने सारे दुकान भरून गेले. तिचा हात मोठ्या मालकांसारखाच सावकाश फिरत होता. हे ती कधी शिकली, मला कळलेच नाही. पूड डबीत भरताना तिने खरे तेच सांगितले: सुंठेचा काहींना उपयोग होतो, काहींना नाही, हीसुद्धा घरी घेऊन पाहा. दोघे गेल्यावर दुकानात कुणी नव्हते. तरी तिने मला पुन्हा एकदा धुतले.

सहलीहून परत आल्यावर बाई सरळ आमच्याकडेच आल्या. काकांनी पहिल्या संध्याकाळी चेहरा पांढरा करून घेतला होता आणि सुंठेची डबी हातातून सोडली नव्हती, हे त्यांनी आधी सांगून टाकले. मग त्यांनी काउंटरवर बोटाने क्षितिजाची रेघ ओढली.

“आधी वरचं दिसलं,” त्या म्हणाल्या. “मग खालचं.”

“माहीत होतं, बाई. तुम्हीच शिकवलंत.”

“मला माहीत नव्हतं गं. मी नुसतं शिकवत होते.”

मित्रांनो, आता पेने एका डब्यात असतात आणि मी बत्त्यासह ताईच्या उजव्या हाताशी असतो. रोज काम नसते, पण मी धुतलेला असतो. कुणी औषध न्यायला आले की ताई विचारते, हे कोण घेणार? हा प्रश्न सगळेच विचारतात. ताई त्यापुढे आणखी एक विचारते: हे देणार कोण? आई देणार असेल तर ती आईला आत बोलावते. आजोबा देणार असतील तर आजोबांना. सांगायचे ते त्यांना सांगते.

तुम्हीही घरी कुणाला औषध द्याल, लहान भावाला, आजीला, घरच्या मांजराला. देण्याआधी हात धुवालच, ते सगळ्यांना सुचते. दिल्यानंतरही धुवा. ते धुणे त्या माणसासाठी असते, ज्याला तुम्ही यानंतर हात लावणार आहात. पुष्कळदा तो माणूस तुम्ही स्वतःच असता.