डावीकडचा पिवळा

"काळुरामकाका, हे दोन पिवळे तुम्हाला तरी वेगळे दिसतात का?"

मालननं विचारून टाकलं एकदाचं. काल शाळेतल्या मैत्रिणी खोली बघायला आल्या आणि भिंतीवरचे दोन पट्टे पाहून हसत सुटल्या. "मालन, दोन्ही एकाच बादलीतले आहेत. हिंमत असेल तर विचार रंगाऱ्याला." आता मालनची हिंमत काढल्यावर ती गप्प बसते होय? यंदा ती मॅट्रिकला, म्हणून आप्पांनी डोंबिवलीच्या घराला मागे ही खोली वाढवली होती. रंग मात्र मालननं ठरवायचा. घरातली एक गोष्ट पहिल्यांदाच तिच्या शब्दावर अडली होती.

काळुराम हसेल असं तिला वाटलं होतं. त्यानं कुंचला खाली ठेवला आणि आई जवळपास नाही ना, ते पाहिलं.

"नाय गो बाय. ओला असतो तवर जरा कलतं. सुकल्याव माज्या डोल्यांना दोनी येकच. दोन वर्सां झाली."

"मग बनवता कसे?"

"डावा मापानं. बादलीभर चुन्याला तीन डबे पिवली माती. आंधला पन करील. उजव्याला वरून चिमूटभर गेरू. त्यो डोल्यानंच टाकायचा." त्यानं पुन्हा दाराकडे पाहिलं. "गेल्या साली ठाण्यात येका घरी चिमूट चुकली. भिंतीला ठिगलं दिसली. परत बोलवलं नाय त्यांनी."

"गेरू मी टाकते ना."

"मंग रंगारी कोन, तू का मी?" काळुरामनं कुंचला उचलला. "तुला आवडंल तो सांग. करीन मी."

मालनला उजवाच आवडला होता. पाडाला आलेल्या आंब्यासारखा. खोलीला सहा बादल्या रंग लागणार होता. म्हणजे सहा वेळा चिमूट.

संध्याकाळी आप्पा कचेरीतून आले, तेव्हा काळुराम धुतलेला कुंचला पुन्हा धूत बसला होता.

"काय ठरलं आमच्या मॅट्रिकवाल्या बाईंचं?" आप्पांनी दारातूनच विचारलं.

"उजवा, दुसरं काय," आई म्हणाली. "चार दिवस कान किटलेत माझे."

मालननं उजव्या पट्ट्यावरून एकदा हात फिरवला. चुन्याची पिवळी भुकटी बोटांना लागली. तो हात तिनं पाठीमागे नेऊन परकराला पुसला.

"डावा," ती म्हणाली. "चारही भिंतींना डावाच. ठरलंय माझं."