मेथी नावाची बोट

जगन्नाथरावांनी बोटीचं नाव मेथी ठेवलं, तेव्हा शोभना आठवडाभर त्यांच्याशी धड बोलली नव्हती. मासे धरायची बोट, आणि नाव पालेभाजीचं. "हिरवी आहे ना ती," एवढंच त्यांचं म्हणणं. अमेरिकेतल्या मासेमारीच्या क्लबातली गोरी मंडळी तिला 'मेटी' म्हणायची आणि ते कुणा आजीबाईंचं नाव असणार असं समजून तिच्याशी जरा अदबीनेच वागायची. याला सव्वीस वर्षं झाली. रंग उडत उडत बोट आता वाळवलेल्या कसुरी मेथीसारखी दिसायला लागली होती, म्हणजे नाव उशिरा का होईना, शोभून दिसत होतं.

शोभना आचऱ्याच्या पोस्टमास्तरांची मुलगी. संध्याकाळी टपालाची पिशवी बंद झाली की वडील तिला खाडीवर गरवायला न्यायचे. काठी नाही, यंत्र नाही, नुसती दोरी आणि गरी. "दोरीवर बोट ठेव आणि गप्प बस," ते सांगायचे, "मासा आपणहून बोलतो." तांबोशी लागली की दोरी बोटाला कापायची, आणि ती खूण पुढे दोन-तीन दिवस शाळेत मिरवता यायची. अशी मुलगी साताऱ्याच्या एका घरात पडली, जिथे अंड्याचं नावसुद्धा आवाज खाली करून घेत. नवरा पाणीपुरवठ्याचा इंजिनियर, स्वभावाने लोणी, पण ताटाच्या बाबतीत लोखंड. अमेरिकेत आल्यावर शोभनाची माशाची कढई गॅरेजमध्ये राहिली, आणि तीही फोडणीचा वास शेजाऱ्यांच्या आधी नवऱ्याला येतो म्हणून हळूहळू बंद झाली. त्याचं तिला वाईट वाटलं नाही असं नाही. वाटलं, आणि बरीच वर्षं वाटत राहिलं.

मग ती दोघं मॉरिसव्हिलला राहायला आली. अर्ध्या तासावर जॉर्डन लेक. एका रविवारी तिथे फिरायला गेली असताना काठावर गळ टाकून बसलेली माणसं बघून शोभनाचे हात शिवशिवायला लागले. जगन्नाथरावांनी ते पाहिलं. गाडीत बसल्यावर म्हणाले, "मारणार नसशील, तर मी येतो तुझ्याबरोबर."

तिथल्या बास माशांच्या स्पर्धा तिला नंतर कळल्या. बास धरायचा, बोटीच्या पोटातल्या पाण्याच्या टाकीत जिवंत ठेवायचा, दुपारी धक्क्यावर नेऊन वजन करायचं आणि परत तळ्यात सोडून द्यायचा. वाटेत मेला तर वजनातून पाव पौंड कापून घेतात. "अहो, हा खेळ आपल्या लग्नासाठीच काढलाय यांनी," ती नवऱ्याला म्हणाली होती.

कामंही वाटून घेतली गेली. बोट हाकायची जगन्नाथरावांनी, गळ टाकायचा शोभनाने. मासा वर आला की ते जाळी पुढे करणार, पण माशाला हात तिने लावायचा. पहिल्याच वर्षी एकदा मासा उसळून त्यांच्या मनगटावर आपटला होता. त्यांनी घरी जाऊन लिंबाने तीनदा हात चोळले, आणि रात्री जेवताना उजवा हात नाकापासून लांब धरून घास घेतले. तेव्हापासून शोभनाच्या पिशवीत अर्धं लिंबू कायम असायचं.

आणखी एक काम त्यांचं, बर्फाचं. उन्हाळ्यात तळ्याचं पाणी आंघोळीच्या पाण्यासारखं होतं, त्यात मासा गुदमरतो. म्हणून ते दह्याच्या रिकाम्या डब्यांत पाणी भरून गॅरेजमधल्या फ्रीजरमध्ये गोठवायचे आणि दुपारी एकेक वडी टाकीत सोडायचे. सव्वीस वर्षांत मेथीमध्ये एकही मासा मेला नव्हता. क्लबातल्या दुसऱ्या कुणाला हे सांगता आलं नसतं, आणि जगन्नाथराव संधी मिळेल तिथे सांगायचे.

अडलं होतं एकाच ठिकाणी. गळाच्या सामानाच्या दुकानात एक लाकडी फळी टांगलेली होती. दर सीझनच्या सगळ्यात मोठ्या माशाची आणि तो धरणाऱ्याची एक पितळी पट्टी तिच्यावर ठोकायचे. शोभना तीनदा दुसरी आली होती, आणि दुसऱ्याची पट्टी नसते. आता तिचं वय एकोणसत्तर, त्यांचं पंच्याहत्तर, आणि त्यांच्या डोळ्यांचं काही तरी सुरू झालेलं. "डॉक्टर म्हणाले, हा सीझन चालवा, पुढच्या वर्षी नको," असं ते मार्चमध्ये एकटेच जाऊन येऊन म्हणाले होते. बोट विकली होती. सोमवारी माणूस न्यायला येणार होता. शनिवारची स्पर्धा सीझनची शेवटची, आणि त्यांचीही. शोभनाला ती पट्टी हवी होती. या वयात कशाला हवी, असं तिने स्वतःला विचारून पाहिलं होतं, पण हवी होती.

त्या शनिवारी जगन्नाथरावांनी बोट फारच सावकाश हाकली. पुलाच्या खांबांपासून हे एवढं अंतर ठेवून. "म्हातारे झालात," ती म्हणाली. "झालोच आहे," ते म्हणाले. मग नेहमीच्या जागा झाल्या. त्यांची मुलगी नेत्रा लहान असताना जिथे पाण्यात पडली होती आणि वर येऊन आधी चष्मा मागत होती, तो कोपरा. गणपतीच्या वर्गणीवरून भांडलेली दोन कुटुंबं पिकनिकला बोलावून ज्या काठावर समेट घडवला, तो काठ. तो आता ओस होता. एक कुटुंब परत पुण्याला गेलं आणि दुसरं मुलाकडे सांता क्लाराला. शोभना गळ टाकत होती आणि बघत होती, आणि प्रत्येक ठिकाणी तिच्या मनात येत होतं की हे आता परत बोटीतून दिसणार नाही.

सकाळ कोरडी गेली. एकाच्या सुमाराला ते बुडालेल्या रस्त्यावर आले. धरण होण्याआधीचा जुना डांबरी रस्ता तिथे पाण्याखाली आहे, आणि भर उन्हात मोठे मासे त्याच्या कडेला जाऊन बसतात. शोभनाने रबरी गांडूळ खाली सोडलं आणि सवयीप्रमाणे दोरीवर बोट ठेवलं.

आधी काहीच नाही. मग दोनदा, हलकेच, कुणी दारावर नखाने टकटक करावं तसं. ती थांबली. वडील थांबायला सांगायचे तेवढं थांबली. मग काठी उचलली, तर ती तिथल्या तिथे वाकली आणि वाकूनच राहिली.

"अहो, जाळी!"

"कुठे? डावीकडे का?"

"समोर, समोर!"

दोन वेळा जाळी चुकली. तिसऱ्यांदा शोभनानेच मासा जाळीत ओढला. तो बोटीत आला तसा तिने हातकाट्याला लावला. सात पौंड दोन औंस. त्या वर्षी क्लबातला सगळ्यात मोठा मासा साडेपाच पौंडांचा होता. तिने तो टाकीत सोडला, झाकण लावलं आणि खाली बसली.

"बर्फ टाका हं," ती म्हणाली. "दोन वड्या टाका."

त्यांनी डबे पालथे करून दोन वड्या टाकीत सोडल्या. शोभना पाणी प्यायली आणि तिने टोपी भिजवून डोक्यावर घातली. दहा मिनिटांनी एकदा बघू या म्हणून झाकण उचललं, आणि लसूण-कोकमाचा वास आला.

टाकीतलं पाणी गुलाबी झालं होतं. वर नारळाच्या दुधाच्या कवड्या तरंगत होत्या आणि त्यात तिचा मासा एका कुशीवर कलला होता.

"अहो, ही सोलकढी आहे!"

रविवारी मंडळाच्या जेवणासाठी केलेली सोलकढी. गोठवली की फाटते हे माहीत असूनही तिने गोठवली होती, कारण अमेरिकेत आपण काय गोठवत नाही. दह्याच्याच डब्यांत. डब्यावरची चिठ्ठी गारठ्याने सुटून पडली असणार.

"अरे देवा," जगन्नाथराव म्हणाले. "मला वाटलं, बर्फच आहे."

"गुलाबी बर्फ?" असं ती ओरडणार होती. तोंड उघडलंसुद्धा. मग तिचं लक्ष त्यांच्या चेहऱ्याकडे गेलं. ते टाकीत बघत होते, पण पाण्याकडे नाही, पाण्याच्या जरा बाजूला. सकाळचे पुलाचे खांब, दोनदा चुकलेली जाळी, सगळं तिला एकदम कळलं. भर दुपारच्या उन्हात, हातभर अंतरावर, गुलाबी आणि पांढरं यांतला फरक त्यांना दिसला नव्हता.

टाकीतलं पाणी बदलायचा पंप लावून पाहिला, तर खोबऱ्याचा चोथा अडकून तो घरघरला आणि बंद पडला. घड्याळात एक वीस झाले होते. वजनाची वेळ दोनची. एक मिनिट उशीर झाला तरी मासा धरत नाहीत. इंजिन लावलं तर वीस मिनिटांत धक्का. मासा वाटेत मरणार होता, पण मेला तरी पाव पौंडच जाणार होता. हा हिशेब करायला तिला क्षणसुद्धा लागला नाही, आणि इतक्या लवकर तो झाला याची तिला नंतर लाज वाटली. तिने हाकायच्या जागेवर बसून किल्ली फिरवली.

"शोभना," ते म्हणाले. "मेला तर चालेल का तुला?"

रागावून नाही विचारलं. तिने हो म्हटलं असतं तर त्यांनी मान डोलावली असती, हे तिला माहीत होतं. तिने वळून बघितलं. जगन्नाथरावांनी बाह्या वर सारल्या होत्या. ते टाकीपाशी गुडघ्यावर बसले आणि दोन्ही हात त्या गुलाबी पाण्यात कोपरापर्यंत घातले. चाचपडत मासा शोधला. सव्वीस वर्षं तिला बघून बघून पाठ झालं होतं तसा त्याच्या खालच्या ओठात अंगठा अडकवला, दुसरा हात पोटाखाली घातला आणि त्याला उचलून बोटीच्या कडेवरून तळ्याच्या पाण्यात धरलं.

"पुढे ने हळूहळू," ते म्हणाले. "पाणी त्याच्या तोंडात जायला हवं ना?"

शोभनाने इंजिन बंद केलं. पुढच्या छोट्या विजेच्या मोटरवर गेली आणि बोट चालवायला लागली, माणूस काठाकाठाने फिरायला निघतो त्या वेगाने. मागे जगन्नाथराव कडेवर पालथे पडून मासा धरून होते.

"किती दिवस झाले?" तिने विचारलं.

"कशाला?"

"दिसत नाही त्याला."

त्यांनी मासा पाण्यात नीट धरला. "मधलं दिसत नाही," ते म्हणाले. "कडेचं दिसतं. डॉक्टर मार्चमध्येच म्हणाले होते की ड्राइव्ह करू नका. गाडी नाही आणि बोटही नाही."

"मग गाडी मला चालवायला लावलीत, आणि बोट?"

"बोट पाठ आहे मला. आणि सांगितलं असतं, तर तू आली नसतीस." ते थांबले. "तुझं नाव लागायला हवं होतं त्या फळीवर. एकदा. मग सांगणार होतो."

शोभनाला रडू आलं आणि तिने ते येऊ दिलं, कारण पाठ त्यांच्याकडे होती, आणि असंही त्यांना दिसलं नसतं. मग त्या विचाराने आणखीच आलं.

दोनला दहा कमी असताना मासा शेपूट हलवायला लागला. दोन वाजून गेले तेव्हा ते म्हणाले, "जोर करतोय गं. बोटाला कळतंय." आणि दोन पाचला त्याने एक हिसडा दिला, जगन्नाथरावांच्या तोंडावर पाणी उडवलं आणि निघून गेला.

"गेला?" त्यांनी विचारलं.

"गेला. सरळ खाली गेला. छान पोहत गेला."

"म्हणजे आपला रेकॉर्ड राहिला," ते म्हणाले. ते भलतेच खूश दिसत होते.

मेथी त्या दिवशी धक्क्याला लावली शोभनाने. वजनाचा काटा आवरून झाला होता. क्लबचा वेंडेल तेवढा थांबला होता. ट्रेलर ओढून वर काढला तशी टाकीचं बूच निघालं आणि काँक्रीटवरून गुलाबी पाण्याचा ओघळ तळ्याकडे निघाला. वेंडेलने तो बघितला, वास घेतला.

"मिस शोभना, व्हॉट इन द वर्ल्ड इज दॅट?"

"लंच," जगन्नाथरावांनीच सांगून टाकलं.

"एनी फिश?"

"सेव्हन पाउंड्स," शोभना म्हणाली. "ही हेल्ड इट." वेंडेलने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं आणि टोपी काढली. त्याने विश्वास ठेवला की नाही कोण जाणे. पट्टी साडेपाच पौंडवाल्याची लागली.

गाडीत बसल्यावर तिने सवयीने पिशवी उघडली. जगन्नाथराव शेजारी बसले होते, तळवे वर करून मांडीवर ठेवलेले. उजव्या अंगठ्याची कातडी माशाच्या दातांनी खरवडून लाल झाली होती. तिला तिचं बोट आठवलं, शाळेत मिरवलेलं.

"लिंबू देऊ?"

त्यांनी हात नाकाशी नेला. पुरता वास घेतला, नाक मुरडलं आणि परत घेतला.

"राहू दे," ते म्हणाले. "सोमवारी बोट जाईल. तोवर राहू दे."

शोभनाने लिंबू परत पिशवीत टाकलं आणि गाडी सुरू केली. जाता जाता, घराच्या अलीकडच्या सिग्नलला, ते सहज बोलल्यासारखं म्हणाले, "ती तुझी माशाची कढई आहे ना गॅरेजमध्ये? ती आत आण."