पैनगंगेच्या अलीकडे

हीराबाईंनी मोबाइल हातभर लांब धरला आणि पदराच्या टोकाने काच पुसली. काच स्वच्छच होती. पण लेक एवढ्या कौतुकाने बेळगावचं नवं घर दाखवतोय तर आधी पुसून घ्यावं, हा त्यांचा स्वभाव.

घर बैठं होतं, कौलारू. पुढे फणसाचं झाड, झाडाखाली बाक. आतली खोली ऐसपैस आणि छताला पंखा.

"पंखा पाह्य, आई," अर्हम म्हणाला. "बंद हाय. काल भर दुपारी काढला खुशबूनं हा फोटो." त्याची बायको घर लावायला आधीच पुढे गेली होती.

"मे महिन्यात पंखा बंद? लाइन गेली असन."

"लाइन नाई गेली. लागतच नाई पंखा. तेच तं सांगून राह्यलो कवाचा."

इथे वाशीमजवळच्या अनसिंगात कूलर गरम वारा फेकत होता आणि भिंतीला पाठ टेकवत नव्हती. खिडकीतला वाळ्याचा पडदा भिजवून थोडा वेळ झाला नाही तोच खडखडीत वाळला होता. हीराबाईंचे यजमान फूलचंदशेठ मधल्या दारात उभे राहून माय-लेकांचं बोलणं ऐकत होते. पुढे त्यांचं कापडाचं दुकान आणि मागे घर. दुपारी गिऱ्हाईक नसलं की ते असेच दारात येऊन उभे राहत.

"मंदिर?" हीराबाईंनी विचारलं.

"गल्लीच्या तोंडाशी. अनवानी गेली तरी पाय नाई भाजणार."

"पानी?"

"विहीर हाय मागं. गाळून घे, उकळून घे, तुले पाह्यजे तसं कर."

"लोक आपल्यासारखे बोलतात काय?"

"बोलतात. जराशीक हेल काढतात, पन मराठीच. शेजारी घर जैनाचंच हाय. अजून काय पाह्यजे बाप्पा तुले?"

हीराबाई हसल्या. मग त्यांनी मोबाइल मांडीवर पालथा ठेवला.

"हे बेळगाव पैनगंगेच्या अलीकडं की पलीकडं?"

अर्हमला हसूच आलं. "पैनगंगा? ते तं इथंच लागते, हिंगोलीच्या रस्त्यावर. बेळगाव कुठच्या कुठं राह्यलं. पलीकडंच ना."

"मंग नाई जमत," त्या म्हणाल्या आणि मोबाइल त्याच्या हातात दिला.

दारातले फूलचंदशेठ डोळे मिटून उभे राहिले. हे असं होणार हे त्यांना वर्षभर ठाऊक होतं आणि वर्षभर ते गप्प बसले होते. बायको आपली आपणच कधीतरी विसरेल, अशी त्यांना आशा होती.

"नाई जमत म्हंजे?" अर्हम उठून उभा राहिला. "उद्या सकाळी गाडी येऊन राह्यली दाराशी!"

"माहा नियम हाय, बावा."

"कायचा नियम?"

"दिशेचा," फूलचंदशेठच बोलले. "तू लहान होता. कारंज्याले महाराजांचा चातुर्मास होता तवा घेतला तिनं."

चार दिशांना कुठवर जायचं ती हद्द आपणहून सांगायची आणि जन्मात ओलांडायची नाही, असा तो नियम. त्या दिवशी बायकांनी कशा ऐसपैस हद्दी सांगितल्या होत्या! उत्तरेला हिमालय, दक्षिणेला समुद्र. म्हणजे नियमाचं पुण्यही पदरात आणि पायाला अटकाव काही नाही. हीराबाईंनी यात्रेपुरतं पूर्वेला शिखरजी ठेवलं, पश्चिमेला गिरनार ठेवलं आणि दक्षिणेला म्हणाल्या, पैनगंगा. मंडपात खसखस पिकली. अगं, श्रवणबेळगोळचे बाहुबली गेले की तुझ्या हातचे! "काहीच सोडलं नाई तं नियम कायचा?" एवढंच त्या म्हणाल्या होत्या. पुढे गावची मंडळी बाहुबलीच्या अभिषेकाला निघाली, तेव्हा नवऱ्याचा डबा बांधून देऊन त्या बसथांब्यावर हात हलवत उभ्या राहिल्या. अर्हम शिकला अमरावतीला, नोकरीला नागपूरला, लग्न झालं कारंज्याला. सगळं पैनगंगेच्या अलीकडेच. नियमाची गोष्ट निघायचं कारणच पडलं नव्हतं.

अर्हमचा चेहरा लाल झाला.

"आई, नागपूरची नोकरी मी कायले सोडली? तिथं पगार बरा होता, दोस्त होते. वर्षभर मोबाइलवर गावागावची हवा पाहून राह्यलो. खुशबू मले हवामान खातं म्हनते! कुठं थंडी बाधते, कुठं पाऊस बाधते, कुठं दवाखाना नाई. बारा महिने माणसाले सोसन असं एक गाव सापडलं, तं तू…"

"चिखलदऱ्याले जाऊ ना. तेबी थंडच हाय."

"तिथं पावसाळ्यात ढग घरात शिरतात. तुह्या छातीले ते मानवन? आन रातीबेराती डॉक्टर लागला तं घाट उतराचा?"

"मंग इथंच बरी हाय मी. एसी लावून देला ना तू."

"लाइन राह्यली तं चालन ना तो! आन तू बसते त्या खोलीत? चूल बाहीर, विहीर बाहीर, मंदिर बाहीर."

खरं होतं ते. गेल्या मे महिन्यात मंदिरातून येताना हीराबाई बसथांब्यापाशी कोसळल्या, तेव्हा अंगाला हात लावला तर चटका बसत होता. वाशीमच्या डॉक्टरांनी बापलेकांना बाहेर बोलावून सांगितलं होतं, की पुन्हा असं ऊन लागलं तर माझ्यापर्यंत आणायलाही वेळ मिळायचा नाही. पुढचा उन्हाळा यांना इथे काढू देऊ नका. तो पुढचा उन्हाळा आता डोक्यावर होता.

"महाराजांले विचारू. सूट देतात ते," अर्हम म्हणाला.

"ज्याईच्यापाशी घेतला त्याईची समाधी झाली. आता कोनाले विचारतं?" असं म्हणून हीराबाई उठल्या आणि पाणी गाळायचं कापड घेऊन मागच्या अंगणात गेल्या.

अर्हम बापाच्या मागोमाग दुकानात आला. गादीवर बसला, पुन्हा उठला, शटर अर्धं खाली ओढलं.

"बाबा, एक सांगू? रागावू नोका."

"बोल."

"आईले आजकाल आठवत नाई. परवा मले मामाच्या नावानं हाक मारली. तुमी सांगा, पैनगंगा नाई, दुसरीच नदी म्हनली होती तू. बेळगावच्या खाली तुंगभद्रा हाय. तुंगभद्रा म्हना. तुमच्यावर तिचा विश्वास हाय."

फूलचंदशेठनी हातातलं कापडाचं थान फळीवर आपटलं. "खोटं बोलू? तिच्यासंग?"

गावात हा माणूस 'रंग जाईल, नका घेऊ' असं सांगून गिऱ्हाईक माघारी पाठवणारा. खोटं बोलायची सवयच नव्हती, आणि या वयात ती लागावी अशी इच्छाही नव्हती.

"लहानपनी तू खोटं बोलला की ती तुले मारे काय?" त्यांनी विचारलं.

अर्हमने मान खाली घातली. "नाई. आपलं वरण मीठ टाकाच्या आधी काढून ठेवे आन माह्यासमोर बसून अळणी खाये. त्याच्यापरीस दोन थापडा बऱ्या होत्या."

"मंग? कोनाले शिकवून राह्यला तू?"

"बाबा, तुमचं खरं जपता जपता आई गेली तं?"

फूलचंदशेठनी तोंड उघडलं, आणि त्याच वेळी आत पितळी हंडा दणकन पडला. तो गडगडत गेल्याचा आवाज येत राहिला. हीराबाईंचा आवाज मात्र आला नाही.

अंगणाच्या फरशीवर त्या कुशीवर पडल्या होत्या. सांडलेलं पाणी त्यांच्या गालाखालून वाहत होतं. अंग कोरडं, तापलेलं. "दादा," त्या नवऱ्याकडे पाहून म्हणाल्या, "बैलं सोडले काय सावलीत?"

"आई! आई, मी अर्हम!"

दोघांनी उचलून आत आणलं. शेजारची रूपा धावत बर्फ घेऊन आली. ओल्या चादरी, काखेत बर्फ, हाताने पंख्याचा वारा, कारण नेमकी लाइन गेलेली. गावातले डॉक्टर आले, त्यांनी सलाइन लावली आणि घड्याळाकडे पाहत बसून राहिले. फूलचंदशेठ कापड भिजवत, पिळत, बायकोच्या कपाळावर ठेवत. कापड लगेच गरम होई. तोंडाने णमोकार चालला होता, पण मधेच शब्द चुकत होते. जन्मभर म्हटलेला मंत्र त्यांना त्या दुपारी सलग म्हणता येईना. अशी भीती त्यांना आयुष्यात वाटली नव्हती.

उन्हं कलली तेव्हा हीराबाईंना घाम फुटला. डॉक्टरांनी सुस्कारा टाकला. "या वेळेस वाचल्या," ते म्हणाले. "मीठ-साखरेचं पाणी देत राहा. आन शेठ, न्या त्याईले इथून."

डॉक्टर गेले. बऱ्याच वेळाने हीराबाईंनी डोळे उघडले आणि नवऱ्याला ओळखलं.

"अवो."

"काय?"

"तवा कारंज्याले मी काय म्हनलं होतं? पैनगंगाच म्हनलं होतं ना? आज मले काई खात्री वाटून नाई राह्यली."

खाटेच्या पायथ्याशी बसलेला अर्हम बापाकडे पाहू लागला. फूलचंदशेठनी हातातलं कापड पिळलं. त्यात पाणी उरलं नव्हतं तरी पुन्हा पिळलं.

"तुंगभद्रा," ते म्हणाले. "तुंगभद्रा म्हनली होती तू."

"मंग पैनगंगा कोन म्हनलं?"

"ते… बाजूची बाई. तिलेच हासल्या होत्या साऱ्या."

"असं व्हय." हीराबाईंनी थोडा दम खाल्ला. "आन मंग मी अभिषेकाले काहून नाई आली तुमच्यासंग?"

एका खोट्याला दुसरं लागलं, दुसऱ्याला तिसरं. कपाळावरचा घाम पुसायचं निमित्त करून फूलचंदशेठनी तोंड फिरवलं.

"तुह्ये गुडघे दुखत होते तवा."

हीराबाई त्यांच्याकडे पाहत राहिल्या. चांगल्या निरखून पाहत राहिल्या, जसं दुपारी फोटोतल्या घराकडे पाहिलं होतं.

"तुमाले बरं याद हाय बाप्पा सारं," त्या म्हणाल्या. मग लेकाकडे वळल्या. "बांध रे मंग सामान. जाऊ सकाळी."

अर्हम ताडकन उठला. आईच्या पायांना हात लावला, बापाचा खांदा दाबला आणि खुशबूला फोन करायला पळाला. फूलचंदशेठ दुकानात जाऊन बसले. एक बाई लुगडं पाहायला आली. "शेठ, रंग पक्का हाय ना?" तिने विचारलं. नेहमीचाच प्रश्न. त्यांनी लुगडं घडी करून बाजूला ठेवलं. "उद्या ये," ते म्हणाले, आणि उद्या दुकान उघडणार नाही हे मागाहून त्यांच्या ध्यानात आलं.

दिवस मावळायच्या आत जेवायचं म्हणून रूपाने मुगाची खिचडी करून आणली. हीराबाईंनी तिला खाटेजवळ बोलावून काहीतरी हळू सांगितलेलं फूलचंदशेठनी मघाशी पाहिलं होतं. आता रूपाने दोन भांडी ठेवली, एक मोठं पातेलं आणि एक लहान, आणि ती आपल्या घरी गेली.

अर्हमने मोठ्या पातेल्यातली खिचडी भराभरा खाल्ली, हात धुतला आणि पुन्हा फोन घेऊन अंगणात गेला. त्याचा आनंद घरात मावत नव्हता.

फूलचंदशेठ ताटं घेऊन खाटेपाशी आले. लहान पातेल्यावरचं झाकण त्यांनी काढलं.

"हे काय?"

"माही खिचडी."

त्यांनी चमच्याच्या टोकावर शीतभर घेऊन जिभेवर ठेवली. अळणी होती.

चमचा त्यांच्या हातात तसाच राहिला. बायकोकडे पाहायचा धीर होईना.

"औषधाचं पानी घेतलं मी," हीराबाई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. "सलाइनबी घेतली. ताटातलं मीठ तेवढं सोडलं."

"किती दिवस?"

"तिथं राहू तवरक."

अंगणातून अर्हमचा आवाज येत होता. "हो, हो, तयार झाली! तिच्याच तोंडानं म्हनली! नाई गं, काई जबरदस्ती नाई…"

फूलचंदशेठनी दुसरं ताट जवळ ओढलं. लहान पातेल्यातली खिचडी दोन्ही ताटांत निम्मी-निम्मी वाढली आणि मोठ्या पातेल्यावर झाकण ठेवलं.

"तुमी कायले?" हीराबाई म्हणाल्या. "तुमच्यानं नाई होत. तुमाले तं वरून मीठ लागते."

"सरक जराशीक."

त्या सरकल्या. ते खाटेवर त्यांच्या शेजारी बसले. पहिला घास तोंडात घेतला, पण उतरेना. डोळ्यांत पाणी आलं आणि ते त्यांनी पुसलंही नाही. हीराबाईंनी पाण्याचा पेला त्यांच्या ताटाजवळ सरकवला आणि खिडकीतून पश्चिमेकडे पाहिलं.

"जेवा लवकर," त्या म्हणाल्या. "दिवस बुडून राह्यला."